केडगावचं १९०५ आणि दादीचा हाल

गेल्या महिन्यात आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप आली. कुठल्याशा ख्रिस्ती प्रार्थनासभेची. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, की-बोर्डचा मोठा आवाज. पास्टर हात वर करतात आणि पुढच्या रांगेतली एक बाई थरथर कापू लागते, रडते, मागच्या मागे कोसळते. तिला सावरायला दोघीजणी आधीच उभ्या आहेत. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "ओव्हरॲक्टिंगचे पैसे कापा." मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत एक चेहरा माझाही होता.

रात्री झोपताना मात्र माझी दादी आठवली. गावच्या दर्ग्याच्या उरुसात कव्वाली रंगात आली, की बायकांच्या पडद्याआड दादीला हाल यायचा. आधी बोटं कापायची, मग खांदे, मग ती डोळे मिटून डुलायला लागायची. कधी हुंदके, कधी एकच शब्द पुन्हा पुन्हा. मी सात-आठ वर्षांची असेन. मैत्रिणींसमोर मला तिची लाज वाटायची. तिच्यावर हसणाऱ्यांत मीसुद्धा असायची.

म्हणून आज हा लेख. विषय ख्रिस्ती उपासनेतल्या थरथरण्याचा, रडण्याचा, कोसळण्याचा आहे. आणि घटना आपल्याच महाराष्ट्रातली आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव नावाचं स्टेशन लागतं. नगरजवळचं केडगाव वेगळं. दौंड तालुक्यातल्या या केडगावात १९०५ च्या पावसाळ्यात जे घडलं, त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासाच्या पुस्तकांत आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकांत पंडिता रमाबाई असतात; ही गोष्ट नसते.

रमाबाईंची ओळख मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको, तरी संदर्भापुरतं सांगते. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. आई-वडील दुष्काळाच्या दिवसांत, भटकंतीत, उपासमारीनं गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. लग्नानंतर दोन वर्षांतच वैधव्य आलं, पदरी लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्यात नेलं. तिथे धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठं वादळ उठलं, हे आपण जाणतोच. नंतर केडगावला जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना सोबत घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. त्या सुमारास केडगावच्या 'मुक्ती'त सुमारे दोन हजार जीव राहत होते.

हे आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नका. या बायकांची शरीरं डोळ्यांसमोर आणा. काहींचं केशवपन झालेलं. काहींच्या पोटात कित्येक दिवस अन्न गेलेलं नव्हतं. वाटेत काहींचे हाल माणसांनीच केले होते. यांतल्या बहुतेकींना आपल्या शरीराबद्दल एकच गोष्ट शिकवलेली होती: ते झाकायचं, दाबायचं, गप्प ठेवायचं.

१९०४ च्या अखेरीस इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणाभोवती एक धार्मिक लाट उठली. हा पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेला मुलगा. अशा लाटेला इंग्रजीत रिव्हायव्हल म्हणतात, मराठी ख्रिस्ती 'संजीवन' म्हणतात. वेल्सच्या मिशनऱ्यांचं काम आपल्याकडे खासी टेकड्यांत होतं; १९०५ मध्ये ती लाट तिथेही पोचली. या बातम्या रमाबाईंच्या कानावर येत होत्याच. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुक्तीतल्या बायकांना रोज खास प्रार्थनेसाठी बोलावलं. सत्तरजणी जमल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेवर गेला आणि प्रार्थना दिवसातून दोनदा होऊ लागली. आसपासच्या खेड्यांत जाऊन प्रचार करायला कोण तयार आहे, असं रमाबाईंनी विचारल्यावर तीसेक मुली पुढे आल्या.

त्यांच्यातल्याच एका मुलीपासून गोष्ट सुरू होते. २९ जून, पहाटेची वेळ. ती मुलगी अंथरुणातच कापू लागली, रडू लागली. शेजारची जागी झाली, तर तिला दिसलं की मैत्रीण आगीनं वेढलेली आहे. ती धावत गेली, पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार, तेवढ्यात तिला कळलं की इथे कपडा जळत नाही, काहीच जळत नाही. हे वर्णन मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट बाईंनी लिहून ठेवलं आहे. त्या मुक्तीत रमाबाईंबरोबर काम करत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीप्रमाणे योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. सांगता सांगता समोरच्या मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, आणि त्या गदारोळात रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. कुणी रडत होती, कुणी गुडघ्यांवर, कुणी जमिनीवर पडलेली, कुणी हात वर करून. पुढचे कित्येक दिवस वर्ग भरेनात. मुली आपली पापं मोठ्यानं कबूल करत: चोरलेली वस्तू, बोललेलं खोटं, मनात धरलेला राग. आधी रडणं आणि कापणं, मग हसू, टाळ्या, गाणं, नाचणं. १९०६ च्या अखेरपर्यंत काहीजणी न शिकलेल्या भाषांत प्रार्थना करतात, अशाही बातम्या येऊ लागल्या. दौंडला अनाथ मुलांचा आश्रम चालवणारे अल्बर्ट नॉर्टन यांनी तसं ऐकल्याचं लिहिलं आहे. नॉर्टन यांनी जे ऐकलं ते नेमकं काय होतं, हा निवाडा शंभर वर्षांनंतर मी करू शकत नाही. त्यांनी काय लिहिलं एवढंच सांगते.

या गोष्टीवर टीका झाली, आणि ती बाहेरच्यांनीच केली असं नाही. कित्येक गोऱ्या मिशनऱ्यांनाही हा गोंगाट रुचला नाही. त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना एकानं करायची, बाकीच्यांनी डोळे मिटून शांत बसायचं, अशी शिस्त होती. इथे शेकडो बायका एकदम ओरडत होत्या. मला वाटतं, खेड्यातल्या जत्रेत अंगात येणं त्यांनी पाहिलेलं असणार, आणि ज्यातून या बायकांना बाहेर काढलं तेच चर्चमध्ये शिरलं की काय, ही धास्ती त्यांच्या मनात असणार.

रमाबाईंनी 'मुक्ती प्रेअर बेल' या आपल्या नियतकालिकातून उत्तर दिलं. त्याचा सारांश असा: पवित्र आत्म्यानं इतर देशांतल्या लोकांमध्ये हवं तसं काम करायचं आणि हिंदी माणसाच्या बाबतीत मात्र पाश्चात्त्य रीत पाळायची, असा नियम कोणी केला? या बायकांना त्यांच्या पद्धतीनं देवापुढे रडू द्या, गाऊ द्या. याच रमाबाईंनी वीस वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या आपल्या गुरुभगिनींशीही पत्रांतून वाद घातला होता. धर्म बदलला म्हणजे आपला विवेकही चर्चच्या हवाली केला, असं त्यांनी मानलं नाही. केडगावातही दुसऱ्या बाजूनं त्या तितक्याच सावध होत्या. अन्य भाषा बोलणं हे प्रत्येकावर आलंच पाहिजे, त्याशिवाय अनुभव खोटा, असं त्यांनी म्हटलं नाही. स्वतःला तो अनुभव आल्याचा दावाही केला नाही.

हा वाद ख्रिस्ती धर्मात नवा नव्हता. पेन्टेकॉस्टच्या दिवशी येशूचे शिष्य अनेक भाषांत बोलू लागले तेव्हा बघे म्हणाले, हे दारू प्यालेत. आणि पेत्राला सांगावं लागलं की अजून सकाळचे नऊच वाजलेत! त्याच धर्माच्या प्रेषित पौलानं करिंथ गावच्या मंडळीला लिहिलं, की सगळे एकदम अन्य भाषांत बोलू लागलात तर बाहेरून आलेला माणूस तुम्हाला वेडे समजेल, क्रमानं बोला. पुढे १७३९ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला जॉन वेस्ली यांच्या सभांत माणसं किंचाळून पडू लागली. १८०१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत केंटकी राज्यात केन रिज इथे हजारो लोक जमले. तिथे पडणं, झटके येणं, नाचणं सगळं झालं.

याविषयी सर्वांत नेमका विचार मला जोनाथन एडवर्ड्स यांचा वाटतो. हे अठराव्या शतकातले मॅसॅच्युसेट्सचे पाद्री, मोठे तत्त्वज्ञ. त्यांच्या गावातही अशी लाट आली होती. १७४६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मुद्दा मांडला, की शरीर कापलं म्हणून अनुभव ईश्वरी ठरत नाही, आणि शरीर कापलं म्हणून तो खोटाही ठरत नाही. खूण शरीरात शोधू नका, माणसाच्या पुढच्या वागण्यात शोधा. गंमत अशी, की १७४२ मध्ये त्यांच्या पत्नी सारा यांनाच असे अनुभव आले होते, शरीरातलं त्राण जावं इतके तीव्र. एडवर्ड्स यांनी ते पुस्तकात लिहिले, पण बायकोचं नाव दिलं नाही. ती बाई आहे हेही वाचकाला कळू दिलं नाही.

आता आपल्या घरात येऊ. आपल्यातले काहीजण म्हणतील, असले प्रकार त्यांच्याकडे. इबादत म्हणजे वकार, अदब, शांतता. मान्य. पण हिरा गुहेतून पहिली वह्य घेऊन परतलेले पैगंबर साहेब (स.) कापत होते, आणि त्यांनी हजरत खदीजांना आपल्यावर पांघरूण घालायला सांगितलं, हे आपण मदरशात लहानपणी शिकलो. कुरआनात (३९:२३) ईश्वराचे शब्द ऐकून त्वचेवर काटा येण्याचा आणि मग त्वचा नि मन मऊ होण्याचा उल्लेख आहे. हजरत अबू बक्र कुरआन पढताना इतके रडत, की मागच्यांना त्यांचं पढणं नीट ऐकू येणार नाही, असं हजरत आयेशा म्हणाल्या होत्या. शरीर आपल्याकडेही बोलतं.

आणि शंकाही आपल्याकडे तितक्याच जुन्या आहेत. बसऱ्याचे इब्न सीरीन यांना कुणीतरी सांगितलं, की काही लोक कुरआन ऐकताच बेशुद्ध पडतात. ते म्हणाले, त्यांना भिंतीवर बसवा आणि सगळा कुरआन ऐकवा. तिथून पडले तर खरे! बरोबर असाच प्रयोग हजार वर्षांनी जॉन वेस्ली यांचे भाऊ चार्ल्स यांनी १७४३ मध्ये न्यूकॅसलला केला. त्यांनी जाहीर केलं, की सभेत जो कोणी असा किंचाळून पडेल त्याला उचलून लांबच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं जाईल. त्या रात्री उचलणाऱ्यांना काही कामच पडलं नाही.

सूफींमध्ये हा विषय फार सूक्ष्मपणे बोलला गेला. बगदादचे जुनैद समामध्ये निश्चल बसत. कुणी कारण विचारलं तर त्यांनी कुरआनातली पर्वतांची उपमा दिली: पाहणाऱ्याला ते जागच्या जागी वाटतात, पण ढगांसारखे चाललेले असतात. दुसरीकडे दिल्लीचे कुतुबुद्दीन बख्तियार काकी १२३५ मध्ये समाच्या वज्दमध्येच गेले. आपल्या खुलताबादला ज्यांची मजार आहे त्या बुरहानुद्दीन गरीब यांच्या मुरीदांची समामध्ये डुलण्याची एक खास रीत होती. तिला 'बुरहानी' म्हणत. म्हणजे चौदाव्या शतकात दख्खनमधल्या या डुलण्याला स्वतःचं नाव होतं. आणि वारकरी वाचकांना मी काय सांगावं? अश्रू, रोमांच, कंप, घाम, कंठ दाटून येणं, या अष्टसात्त्विक भावांची यादी त्यांच्या कीर्तनकारांना पाठ असते.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे मला 'हाल' या शब्दाजवळ नेहमी थांबावं लागतं. मूळ अरबी शब्द एकच, अर्थ अवस्था. उर्दूत 'हाल आना' म्हणजे ईश्वराच्या आठवणीत देहभान हरपणं. मराठीत तोच शब्द आला आणि 'हाल झाले' म्हणजे दैना झाली. केडगावच्या त्या मुलींना मराठी हाल पुरेपूर माहीत होते. मग १९०५ मध्ये त्यांच्यावर दुसरा हाल आला. एका शरीरानं दोन्ही सोसले. त्यांच्या कापण्यातलं किती दुष्काळाचं आणि किती देवाचं, हे वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही.

इथे एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. ज्या मुलीला अन्न, वस्त्र, छप्पर एकाच संस्थेकडून मिळतं, ती त्या संस्थेच्या देवापुढे रडली, तर ते रडणं किती मोकळं? सगळ्या जणी रडत असताना एकटीनं कोरड्या डोळ्यांनी बसणं सोपं नसतं. शारदा सदनाच्या वेळी टीकाकारांनी हेच विचारलं होतं, आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता. पण तो विचारणाऱ्यांनी स्वतःलाही एक विचारावं: या मुली भुकेनं रस्त्यावर पडल्या होत्या तेव्हा त्यांचं शरीर आपल्याला दिसलं होतं का? जे शरीर मरताना कुणी पाहिलं नाही, ते नाचायला लागल्यावर सगळे बघायला आले.

एडवर्ड्स यांची कसोटी केडगावला लावून पाहिली तर काय दिसतं? प्रार्थनेतून उठलेल्या मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. मुक्तीतली शाळा, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना चालू राहिला. अंध मुलींना ब्रेल शिकवणं चालू राहिलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं साध्या, बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर केलं, आणि त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले, छपाई त्यांनीच केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या; तोवर हे काम हातावेगळं होत आलं होतं. थरथर काही महिन्यांची होती. खिळे जुळवणं वर्षानुवर्षं चाललं.

आणखी एक गोष्ट. आज जगात कोट्यवधी पेन्टेकॉस्टल ख्रिस्ती आहेत. त्यांचा उगम बहुधा लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर दाखवतात. तिथे एप्रिल १९०६ मध्ये विल्यम सीमोर या काळ्या उपदेशकाभोवती, ज्याचे आई-वडील गुलामीत जन्मलेले होते, अशीच लाट उठली. केडगाव त्याच्या दहा महिने आधी. अझुसाच्या लोकांना हे ठाऊक होतं. त्यांच्या वर्तमानपत्रात हिंदुस्थानच्या बातम्या छापून येत. मिनी एब्रम्स यांनी मुक्तीच्या अनुभवावर १९०६ मध्ये पुस्तिका लिहिली आणि ती दक्षिण अमेरिकेत चिलीला आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मिशनरी विलिस हूवर यांच्या पत्नीला, पाठवली. १९०९ मध्ये तिथे लाट आली आणि चिलीचं पेन्टेकॉस्टल चर्च त्यातून उभं राहिलं. दौंड तालुक्यातल्या दुष्काळी मुली आणि लॉस एंजेलिसमधले गुलामांचे नातू: धर्म नेहमी वरून खाली, गोऱ्यांकडून काळ्यांकडे जातो, या समजुतीत हे बसत नाही. ज्यांच्या शरीरांना जगानं किंमत दिली नव्हती, त्यांच्याच शरीरांपासून ही गोष्ट सुरू झाली.

यातलं ख्रिस्ती धर्मश्रद्धेचं सगळं मी मानत नाही, हे माझ्या वाचकांना वेगळं सांगायला नको. माझा अकीदा माझ्याजवळ आहे. सभांच्या नावाखाली आजार बरे करण्याचा धंदा करणारेही आहेत, आणि दर्ग्यांवरही आहेत. त्यांच्यावर बोललंच पाहिजे. पण मांडवात कोसळणाऱ्या त्या बाईच्या घरात काय चाललंय, ती दुसऱ्या दिवशी सकाळी कशी उठली, हे दीड मिनिटाच्या क्लिपमधून मला कळलेलं नव्हतं. तरी मी हसले होते.

दादीचं राहिलं. मी दहावीत असताना धाकटे चाचा शहरातून शिकून, बरीच पुस्तकं वाचून परत आले. त्यांनी घरात सांगितलं, की हे दीनमध्ये नाही, अम्मीनं बंद करावं, लोक हसतात. दादी भांडली नाही. पुढच्या उरुसात ती गेली, पडद्याआड भिंतीला टेकून बसली. मी शेजारी होते. कव्वाली चढली तेव्हा ओढणीखाली तिचा उजवा हात कापायला लागला. तिनं तो डाव्या हातानं घट्ट धरला आणि शेवटपर्यंत तसाच धरून ठेवला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी उठली, फजर पढली आणि मलिदा करून, दरवर्षीप्रमाणे, चार घरं सोडून राहणाऱ्या विधवेकडे आधी घेऊन गेली.

चाचांचं म्हणणं बरोबर की दादीचं, यावर आमच्या घरात अजूनही एकमत नाही. परवा मी ग्रुपवर जाऊन माझा तो हसरा चेहरा काढून टाकला. कुणाच्या लक्षातही आलं नसेल.